पॅनमनच्या बोटातली विद्या



"उतारा कमी का पडला?" हा प्रश्न सर्वसाधारण सभेत हमखास येतो. आम्ही उसाची जात, पाऊस, तोडणीचा उशीर सांगतो. ते खरेच आहे. पण एक कारण अहवालात येत नाही. ते पॅनवर असते.

गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची हे गुळव्या पाकाची गोळी पाण्यात टाकून ठरवतो. साखरेचेही थोडेफार तसेच. पॅनमधली हवा ओढून घेतल्याने पाक शंभर अंशाच्या बराच खाली उकळतो. पॅनमन नमुना काढतो, काचेवर पसरून दिव्यापुढे धरतो, अंगठा आणि बोटात तार ओढून बघतो. पाक जादा आटला की मधेच नवा बारीक दाणा फुटतो. तो विरघळवायला पाणी सोडावे लागते. वेळ आणि वाफ वाया. राहिलाच तर सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळीबरोबर निसटतो. ५ लाख टन गाळपात उतारा ०.१ टक्क्याने घसरला, तर ५ हजार क्विंटल साखर गेली म्हणून समजा!

प्रवरानगरला १९५०-५१ साली सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला. पुढे जिल्ह्यात कारखाने वाढले. १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था मांजरीला आहे. शिक्षण तिथे मिळते. पण आपल्याच पॅनची खोड मात्र वस्तादाच्या हाताखाली उभे राहूनच कळते.

गेल्या हंगामात आमचे जुने पॅनमन लग्नकार्यासाठी आठ दिवस गावी गेले. रात्रपाळीला दोनदा बारीक दाणा फुटला. मदतनीस पाच हंगाम शेजारी उभा होता, पण व्हॉल्व्ह त्याच्या हाती कधी दिलाच नव्हता. वस्तादाला आम्ही बोल लावणार नाही. हंगामी माणूस, कसब हीच त्याची ठेव. "सगळं शिकवलं तर मला कोण विचारणार?" असं त्याला वाटलं, तर त्यात वावगं काय?

म्हणून यंदा पाळी बदलताना जुन्या-नव्या पाळीच्या पॅनमननी पंधरा मिनिटे एकत्र थांबायचे ठरले. ती हजेरीत धरतो. दाणा कसा धरला, पाणी केव्हा दिले, हे वहीत उतरवायचे. पहिला महिना वही कोरीच राहिली. पॅनमनला लिहायचा कंटाळा. आता ते बोलतात, मदतनीस लिहितो. शिकवणाऱ्याला जादा भत्ता द्यावा, असा विषय संचालक मंडळापुढे आहे. तो सभेत येईल तेव्हा हात वर करण्याआधी वही मागून पाहा. पॅनशेजारच्या टेबलावरच ठेवलेली असते.