पट्टी लावून मोजलेले झोत

मूल गावातल्या एका घरात रेडिओ दीर्घिकांची वर्गवारी चालते असं कळलं, आणि मी गेलोच. एम.एस्सी. करणारी मुलगी, जुना लॅपटॉप. राइस मिलकडून उकडलेल्या धानाचा वास खोलीभर येत होता. नमुना म्हणून तिनं सिग्नस ए दाखवली. "७६ कोटी प्रकाशवर्षं, काका," ती म्हणाली.

बाकीची चित्रं खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झवर केलेली ही आकाशपाहणी २०१६ पासून कुणालाही खुली आहे.

दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून दोन उलट दिशांना झोत सुटतात. दोन्हीकडचे सर्वांत तेजस्वी भाग शोधायचे, त्यांच्यातलं अंतर मोजायचं, पूर्ण लांबीनं भागायचं. उत्तर अर्ध्याहून कमी आलं तर पहिला वर्ग, जास्त आलं तर दुसरा. फॅनारॉफ आणि रायली यांनी १९७४ मध्ये घालून दिलेली ही रीत इतकी साधी आहे, की मला ती फार आवडली. पहिल्या वर्गातले झोत केंद्राजवळच मंदावतात आणि विरत जातात. दुसऱ्यातले टोकापर्यंत वेगानं जातात, बाहेरच्या वायूवर आदळतात आणि तिथंच झळाळतात. सिग्नस ए अशी. ७६ कोटी प्रकाशवर्षांवरूनही तिची टोकं लख्ख दिसतात. झोत थेट आपल्याकडे रोखलेला असला तर ती ब्लेझार; तिथं पट्टी चालत नाही.

मग तिनं एक विचित्र चित्र काढलं. एका बाजूला विरलेला झोत, दुसऱ्या बाजूला झळाळतं टोक. पॉल वीटा आणि पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेचे गोपाल-कृष्ण यांनी २००० मध्ये अशा संकरित दीर्घिकांवर बोट ठेवलं होतं. कृष्णविवर एकच, तरी बाजू दोन तऱ्हेच्या. म्हणजे फरक भोवतालच्या वायूमुळे पडत असावा. मला हे लगेच पटलं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला भोवतालाचं महत्त्व कुणी सांगावं लागत नाही.

"असं नाही जी काका," तिनं थांबवलं. २०२० मध्ये अशा पाच दीर्घिका बारकाईनं तपासल्या गेल्या. त्या खरं तर दुसऱ्या वर्गाच्याच, पण तिरप्या कोनातून दिसल्यामुळे संकरित भासतात, असा निष्कर्ष निघाला. मी भोवतालाचीच बाजू धरून बसलो. तिनं वहीत त्या दीर्घिकेपुढे 'कोन?' लिहिलं आणि पट्टी पुढच्या चित्रावर ठेवली.