विजेची सायकल : खरेदीनंतरची दहा वर्षे

विजेची सायकल घरात येते तेव्हा तिचे कौतुक सर्वांनाच असते. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे सायकल सोडलेले आजोबा पुन्हा मंदिरापर्यंत, बाजारपेठेपर्यंत स्वतःहून जाऊ लागतात. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला पेट्रोलसाठी हात पसरावा लागत नाही. चढावर उतरून सायकल ढकलण्याचा प्रसंग येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र त्याच घरात वेगळी चर्चा सुरू होते. बॅटरी पूर्वीसारखी टिकत नाही. नवी घ्यावी, की सायकलच काढून टाकावी? अनेक सायकली या टप्प्यावर जिन्याखाली धूळ खात पडतात. वस्तुतः सायकलीचा सांगाडा वीस-पंचवीस वर्षेही सहज टिकतो. प्रश्न असतो तो तिच्यावर बसवलेल्या विद्युत भागांचा, आणि त्याचे उत्तर बरेचसे मालकाच्या हाती असते.

पेडल मारणाऱ्याला मोटरने साथ देणारी सायकल जपानमधील यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. आज नेदरलँड्ससारख्या सायकलप्रेमी देशात विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी सुमारे निम्म्या विजेच्या असतात. भारतात मोटरची शक्ती २५० वॅट आणि वेग ताशी २५ किलोमीटर या मर्यादेत असलेल्या सायकलीला नोंदणी किंवा वाहनचालक परवाना लागत नाही. वेग वाढवण्यासाठी तिच्यात फेरफार केल्यास ही सवलत संपते आणि बॅटरी व मोटर या दोहोंवर अकारण ताण येतो, हे विशेषतः तरुणांनी लक्षात ठेवावे.

बॅटरीचे वय कसे मोजावे?

सायकलीची लिथियम-आयन बॅटरी म्हणजे अनेक लहान सेलची जुडी असते. प्रत्येक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, असे दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट मिळतात. ३६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत २७० वॅट-तास ऊर्जा मावते. ती पूर्ण भरण्यास एक तृतीयांश युनिटच्या आसपास वीज लागते. किलोमीटरला दहा वॅट-तास खर्च धरला, तर एका चार्जिंगमध्ये सत्तावीस किलोमीटर अंतर होते. चढ, वारा, स्वाराचे वजन आणि टायरमधील हवा यांनुसार हा आकडा कमी-अधिक होतो.

चांगल्या प्रतीची बॅटरी सुमारे पाचशे ते हजार पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत येते. अर्धी बॅटरी दोनदा वापरली, तर ते एकच आवर्तन धरले जाते. वर्षातील तीनशे दिवस रोज दहा किलोमीटर सायकल चालवणाऱ्याचे वर्षाला तीन हजार किलोमीटर होतात. वरील बॅटरीची पाचशे आवर्तने पूर्ण होण्यास त्याला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यानंतरही बॅटरीत एकवीस-बावीस किलोमीटरचे बळ उरते आणि त्याची रोजची गरज दहाच किलोमीटरची असते. अशी बॅटरी निकामी समजून फेकणे म्हणजे निम्मा माल वाया घालवणे होय. याउलट, ज्याची रोजची गरज पंचवीस किलोमीटरची आहे त्याला हीच सायकल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच अपुरी पडू लागेल. म्हणून खरेदी करताना पहिल्या दिवसाचे अंतर न पाहता पाचव्या वर्षी किती अंतर लागेल ते पाहावे. गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमता घेणे हे दीर्घकाळात किफायतशीर ठरते.

न वापरताही होणारी झीज

बॅटरी वापराने झिजते, तशी ती नुसती ठेवल्यानेही झिजते. उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र आल्या की ही झीज वेगाने होते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी सावलीतील बॅटरीपेक्षा लवकर म्हातारी होते. उन्हातून आल्याबरोबर चार्जर लावू नये. अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू द्यावी. रोजचा प्रवास थोडा असेल तर ८०-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणे हिताचे. महिन्यातून एखादे वेळी ती पूर्ण भरावी, म्हणजे सेलमधील तफावत आतील नियंत्रक परिपथाला दूर करता येते.

दुसरा धोका पावसाळ्यातला. चार महिने सायकल घरात उभी राहते आणि बॅटरी रिकामीच विसरली जाते. नियंत्रक परिपथ स्वतःही किंचित वीज खात असतो. सेलचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो परिपथ सुरक्षेसाठी चार्जिंग नाकारतो आणि चांगली बॅटरी एकाएकी मृतवत होते. बॅटरी निम्मी भरून, काढून, कोरड्या व थंड जागी ठेवावी आणि दर महिन्या-दीड महिन्याने तपासावी. एवढ्या काळजीने हे नुकसान टळते.

सायकल ती सायकलच

मोटर असली तरी चेन, टायर, ब्रेक यांची निगा सुटत नाही; उलट ती वाढते. वजन अधिक असल्याने ब्रेकपॅड लवकर झिजतात. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असेल तर स्पोकवर ताण येतो. ते ढिले झाले की वेळीच आवळून घ्यावेत. मोटर पेडलजवळ असेल तर तिची सारी शक्ती चेनवरून जाते, त्यामुळे चेन लवकर ताणली जाते. ताणलेली चेन वेळेवर बदलली नाही तर दातेरी चक्रेही बदलावी लागतात. धुताना पाण्याचा जोरदार फवारा मोटर आणि वायरींच्या जोडांवर मारू नये. ओल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

घराची सुरक्षितता

निकृष्ट किंवा इजा झालेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनी न्यूयॉर्क शहरात २०२३ या एकाच वर्षात अठरा जणांचा बळी घेतला. त्याच वर्षी तेथे प्रमाणित बॅटरीखेरीज विजेची सायकल विकण्यास बंदी करणारा कायदा लागू झाला. आपल्या घरांनीही यातून बोध घ्यावा. चार्जर सायकलीसोबत आलेलाच वापरावा. दाराशी किंवा जिन्यात चार्जिंग करू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट तीच असते. सर्व जण झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरू नये. जुन्या बॅटरीत नवे सेल बसवून देणारे कारागीर मिळतात. परंतु सारख्या क्षमतेचे सेल निवडणे आणि ते योग्य रीतीने जोडणे हे जाणकाराचेच काम आहे.

खरेदीपूर्वीचे चार प्रश्न

दुकानदाराला रंग आणि वेग विचारण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. बॅटरी सायकलीपासून सहज वेगळी होते का? तीच बॅटरी सुटी मिळते का, आणि आज तिची किंमत काय? हमी किती वर्षांची असून क्षमता किती घटल्यास ती लागू होते? मोटर व नियंत्रक दुरुस्त करणारा माणूस याच गावात आहे का? काही सायकलींची मोटर मूळ कंपनीखेरीज दुसरी बॅटरी स्वीकारतच नाही. अशा वेळी कंपनीने ते मॉडेल बंद केले की सायकल अडते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी नियमनानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा वाहनांची बॅटरी स्वतंत्र कारागिराला काढता व बदलता येईल अशीच बनवावी लागणार आहे. आपल्याकडील ग्राहकाने हा आग्रह दुकानातच धरावा.

शेवटी बॅटरी खरोखरच थकली, तर ती भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नये. भारतातील २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे बॅटरी परत करून पावती मागावी. नव्या बॅटरीचा खर्च मात्र अचानक समोर येऊ देऊ नये. पेट्रोलच्या बचतीतून दरमहा थोडी रक्कम बाजूला काढली, तर पाचव्या वर्षी नवी बॅटरी सहज घेता येते आणि आजोबांची बाजारपेठेची फेरीही चालू राहते.