भ्रम मेंदूत, निळेपणा बोटांत

१९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या, गरगरणं आणि गुंगी असा त्रास झाला. कणसांवर अरगट ही बुरशी पडली होती. आधी चिकट, मधासारखे थेंब येतात, मग दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठ. म्हणूनच आजही बाजरीचं बी पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून त्यात बुडवतात आणि तरंगणारं काढून टाकतात.

आपल्या बाजरीवरच्या अरगटाने निदान बोटं झडली नाहीत. युरोपात राय या धान्यावरच्या अरगटाने रक्तवाहिन्या आकसून माणसांचे हातपाय काळे पडून गळत. रसायनं वेगळी, म्हणून परिणाम वेगळा. त्याच रायवरच्या अरगटातल्या रसायनापासून आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली भ्रम घडवणारं एलएसडी बनवलं. भ्रम आणि आकसणाऱ्या रक्तवाहिन्या यांचं नातं इतकं जुनं आहे.

डीओबी या भ्रमकारी अँफेटॅमिनमध्ये ते नातं उघडच दिसतं. अलेक्झांडर शुल्गिन यांनी १९६७ मध्ये ते तयार केलं. १९८३ साली अमेरिकन डॉक्टरांनी ते घेतलेल्या रुग्णाच्या शरीरभर रक्तवाहिन्या आकसल्याची नोंद प्रसिद्ध केली. याच्याच जवळच्या ब्रोमो-ड्रॅगनफ्लायमुळे स्वीडनमधल्या एका रुग्णाला हातापायाची बोटं गमवावी लागली.

या नात्याचं कारण सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनात आहे. १९४८ साली शास्त्रज्ञांनी ते रक्ताच्या सीरममधून वेगळं काढलं, ते रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ शोधतानाच! सेरोटोनिनचं ‘टू-ए’ नावाचं कुलूप मेंदूच्या पेशींवर असतं, तसंच रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरही. डीओबी दोन्हीकडे तीच किल्ली फिरवतं. स्नायूत कॅल्शियम वाढतं, वाहिनी आवळते, रक्त रेंगाळतं. त्यातला प्राणवायू संपत जातो आणि कातडी निळसर दिसू लागते. ऑक्सिमीटर लावला तर बरेचदा आकडाच उमटत नाही, कारण बोटात नाडीच पोचत नाही.

पुण्याजवळच्या नेरे, मारुंजी, हिंजवडीकडे पोरं एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. सोबत्याने काही घेतलं असेल आणि बोटं निळी, गार पडून ठणकत असतील, तर चोळत बसू नका. लगेच दवाखाना गाठा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. वाहिन्या सैल करणारी औषधं आहेत, पण ती मांस जिवंत असेपर्यंतच लागू पडतात.