आजोबांची डबल बॅरल... किंमत काय बोलता?

सेकंडहँड बाइक विकायची म्हटली की आपल्यातला प्रत्येक जण एक्स्पर्ट! किती किलोमीटर पळाली, टायर कुठवर आलेत, इन्शुरन्स कधी संपतोय, सगळं पाठ. जुना मोबाइल असो की फ्लॅटमधला सोफा, मार्केट रेट काय हे आपल्याला चहा पिता पिता कळतं. पण घरात आजोबांची लायसन्सची बंदूक निघाली तर? तिथे मात्र आपले सगळे फंडे गुल.

हसू नका. गावाशी नाळ असलेल्या पुणेकरांच्या घरात ही वेळ येते. माझ्या एका मित्राच्या घरात आली. तो हिंजवडीत नोकरी करतो, गाव वेल्हे तालुक्यातलं (तालुका आता राजगड) पाली. राजगडाचा पाली दरवाजा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, तेच. खाचरं, नाचणीचे तुकडे आणि रात्री उतरणारी रानडुकरं. आजोबांकडे बारा बोअरची डबल बॅरल होती, रीतसर परवान्याची. आजोबा गेले आणि बंदूक पुण्यातल्या एका डीलरकडे जमा झाली. तीन वर्षं तिथेच पडून.

आता वाटणीचा विषय निघाला. वारस तिघं : मित्राचे वडील, काका आणि आत्या. काकांचं म्हणणं, "बंदूक इंग्लंडची आहे, लाखाच्या खाली बोलायचं नाही." वडिलांना ती एकदाची निघाली तर बरी असं झालेलं. आत्या काहीच बोलत नव्हती, पण तिच्या घरी औषधपाण्याचा खर्च आहे हे सगळ्यांना माहीत. आणि आजी? ती म्हणाली, "इकली तरी चालंल, पर भंगारात नगं."

मित्र डीलरकडे गेला, मी सोबत. डीलरने एक आकडा सांगितला : चार हजार. आणि लगेच पुढचा : सेफ कस्टडीचे महिना दीडशे, छत्तीस महिन्यांचे पाच हजार चारशे. म्हणजे उलट आपणच चौदाशे द्यायचे! आजोबांची बंदूकही द्यायची आणि वर पैसेही. क्या बात है!

रेट ठरतो कसा?

डीलरला लगेच व्हिलन ठरवू नका. (मला त्या दिवशी मोह झाला होता.) त्याचं गणित समजून घेतलं की आपली बाजू मांडता येते. बंदूक हा असा माल आहे की गिऱ्हाईक रस्त्यावरून आत येत नाही. आधी परवाना, मग खरेदी. परवाने मोजके निघतात, त्यामुळे माल कपाटात वर्षानुवर्षं राहू शकतो आणि डीलरचे पैसे तेवढा काळ अडकतात. त्यात 2019 च्या डिसेंबरमध्ये शस्त्र कायदा बदलला. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोनवर आल्या. तिसरी एका वर्षात पोलिसांकडे किंवा डीलरकडे जमा करायची होती. नेमबाजांना सवलत होती, बाकीच्यांची जास्तीची हत्यारं कपाटातून बाहेर आली. विकणारे वाढले आणि घेणारे तेवढेच, तर रेटचं काय होणार ते कॉमर्सवाल्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे जात. म्हणजे बंदुकीची! सगळ्यात मागणी असते ती छोट्या हत्याराला, म्हणजे बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. परदेशी असेल तर मग विचारूच नका. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, नामांकित नेमबाज तेवढे अपवाद. त्यामुळे त्याआधी देशात आलेला माल फिरत राहतो आणि जुनं वेब्ली किंवा कोल्ट नव्या देशी रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग जाऊ शकतं. (जुनी गोष्ट नव्यापेक्षा महाग, असं आपल्या गाड्यांचं कधी होणार?) कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास होती. यावरून अंदाज करा.

बारा बोअरच्या लांब नळीला ते ग्लॅमर नाही. ती शेतकऱ्याची आणि रखवालदाराची बंदूक. काडतुसं मिळायला अडचण नाही, 'शक्तिमान' काडतुसं तर आपल्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतली. पण माल भरपूर आणि हौशी गिऱ्हाईक कमी. म्हणूनच इथे 'कोणती' आणि 'कशी' हे दोन प्रश्न किंमत ठरवतात.

नळीखालचा शिक्का

'कोणती' याचं उत्तर काकांच्या आठवणीत नसतं, ते धातूवर कोरलेलं असतं. युरोपात बंदूक विकण्याआधी तिची नळी जादा दारू भरून तपासायची पद्धत जुनी आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस 1813 सालचं. तपासणीत पास झालेल्या नळीवर शिक्का बसतो आणि प्रत्येक गावाचा शिक्का वेगळा. बंदूक मधोमध मोडली (मोडली म्हणजे उघडली हो!) की नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर हे शिक्के दिसतात.

आपण हात लावायचा नाही. वारसाच्या नावावर परवाना नसेल तर हत्यार हाताळणं डीलरच्याच माणसाचं काम. मित्राने विनंती केली, "काका, एवढं उघडून दाखवता का? फोटो काढू का?" डीलरने खांदे उडवले आणि उघडून दाखवली. आम्ही टॉर्च मारला. अंडाकृती चौकटीत तीन अक्षरं : ई, एल, जी. म्हणजे बेल्जियममधल्या लिएजचा शिक्का. इंग्लंड नाही! एका फोटोत काकांचे लाख रुपये उडाले. पण त्याच फोटोत डीलरचे चार हजारही हलले, कारण त्याने आमच्या तोंडावर 'देशी माल' म्हटलं होतं.

मग 'कशी'. नळीतून उजेडाकडे बघितलं तर आत आरसा दिसला पाहिजे, गंजाचे खड्डे असतील तर भाव पडतो. नळ्या आणि खालचा भाग यांचा सांधा घट्ट हवा, हलवल्यावर खुळखुळ नको. दस्त्याला चीर आहे का, घोडे मूळचे आहेत का, नंबर स्वच्छ वाचता येतो का. आणि चेंबरची लांबी. जुन्या बंदुकांचं चेंबर पुष्कळदा अडीच इंची असतं, पावणेतीन इंची काडतूस त्यात वापरणं धोक्याचं. गिऱ्हाईक हे विचारतंच. आमच्या बंदुकीत उजव्या नळीत थोडे खड्डे निघाले, सांधा मात्र पक्का. आजोबा तेल-पाणी करत असणार.

एक विनंती : विकायच्या आधी पॉलिश पेपर घासून 'नवी' करू नका. मूळचा रंग गेला की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं. आणि नंबरावर खाडाखोड हा तर सरळ गुन्हाच.

कागद, कागद, कागद

खरी घासाघीस इथे असते, कारण कागद अर्धवट असतील तर डीलर रेट पाडणारच. परवानाधारक गेल्यावर वारसांनी विनाकारण वेळ न घालवता हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं. पावती जपा, तीच तुमची मालकी सांगते. ग्रामीण भागात परवान्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं, पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडून. मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि सगळ्या वारसांचं ना-हरकत एका फाइलमध्ये असलं की विक्रीची परवानगी मागायला तोंड राहतं. आमच्या केसमध्ये आत्याची सही राहिली होती, त्यासाठी मित्र एका रविवारी तिच्या गावी जाऊन आला.

गावातल्या कुणी "मला दे ना, डुकरं येतात" म्हटलं तरी ऐकायचं नाही. परवानाधारक माणसाला थेट विकायची तरी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. विनापरवाना विक्रीला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. आणि हो, निवडणुका जाहीर झाल्या की हा विषय काढू नका. हत्यारं जमा करून घेण्यात सगळी यंत्रणा गुंतलेली असते.

फोटो, नंबर आणि चेंबरची माप घेऊन मित्राने आणखी दोन डीलर गाठले. एकाने फोटोवरून सोळा हजार सांगितले, प्रत्यक्ष बघून पक्कं करण्याच्या बोलीवर. दुसरा म्हणाला, "माझ्याकडे ठेवा, गिऱ्हाईक आलं की पंचवीसपर्यंत जाईल, दहा टक्के माझे." ऐकायला मस्त! पण गिऱ्हाईक कधी येणार याला उत्तर नाही आणि तोवर कस्टडीचं मीटर चालू. थांबायची ताकद असेल त्याने हा मार्ग घ्यावा, तिथे लेखी मुदत आणि कस्टडी माफ या दोन अटी घालाव्यात. आत्याला थांबणं परवडणार नव्हतं.

सोळा हजारांचा आकडा लेखी घेऊन आम्ही पहिल्या डीलरकडे परतलो. आवाज न चढवता. बंदूक दुसरीकडे हलवायची म्हणजे पुन्हा परवानगी आणि फेऱ्या, हे त्यालाही माहीत होतं, आम्हालाही. पण हातातला माल जाईल हेही त्याला दिसत होतं. चहा आला. अर्ध्या तासाने सतरा हजार चारशेवर गाडी थांबली. कस्टडीचे पाच हजार चारशे वजा, हातात बारा हजार, चेकने. प्रत्येकी चार.

आत्याचा चेक आधी पोचवला. आजीने आजोबांच्या जुन्या परवान्याची झेरॉक्स तेवढी मागून घेतली, त्यावर त्यांचा तरुणपणचा फोटो आहे. काकांचा फोन आला तो रात्री साडेदहाला. चार हजारांबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, "ते बेल्जियम... इंग्लंडला लागूनच आहे ना रे?"