मांजर जास्त पाणी पिऊ लागलंय? मांजरातील किडनीचा दीर्घकालीन आजार कसा ओळखावा



आपल्यापैकी अनेकांच्या घरी मांजर आहे. म्हाताऱ्या मांजरांमध्ये खूप वेळा आढळणारा आणि बहुतेक वेळा उशिरा लक्षात येणारा एक आजार म्हणजे मूत्रपिंडाचा, म्हणजेच किडनीचा दीर्घकालीन आजार. तो वेळेत कसा ओळखायचा, याची माहिती आज आपण घेणार आहोत.

हा विषय निवडण्याचं कारण घरचंच आहे. आमची मनी अकरा वर्षांची होती. एका उन्हाळ्यात ती मोरीतल्या बादलीवर चढून पाणी पिऊ लागली. आई म्हणाली, "ऊन किती आहे बघ, पिऊ दे बिचारीला." मलाही बरंच वाटलं. पाणी भरपूर पिते, लघवी भरपूर होते, म्हणजे किडनी ठणठणीत, असा माझा समज! पावसाळा आला तरी बादली काही सुटली नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिला उचललं, तेव्हा पाठीचा कणा हाताला लागला. तपासणी केली, तर आजार तिसऱ्या टप्प्यात पोहोचलेला. माझं चुकलं कुठे, ते आधी समजून घेऊया.

किडनी बिघडली, मग लघवी जास्त का?

मूत्रपिंड म्हणजे गाळणी, असं आपण मुलांना सांगतो. ते खरं आहे, पण अर्धंच. चहा गाळला की गाळणीचं काम संपतं. मूत्रपिंडाचं काम तिथे संपत नाही. रक्त गाळल्यावर त्या द्रवातलं बहुतेक पाणी परत रक्तात ओढून घ्यावं लागतं. हे काम नेफ्रॉन नावाच्या अतिसूक्ष्म नळ्या करतात. मांजराच्या एका मूत्रपिंडात साधारण दोन लाख नेफ्रॉन असतात.

पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. त्यामुळे पाणी वाचवण्यात मांजराचं मूत्रपिंड पटाईत. निरोगी मांजर थोडंच पाणी पितं आणि घट्ट, उग्र वासाची लघवी करतं. आजारात नेफ्रॉन हळूहळू निकामी होतात. उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढतो आणि पाणी परत ओढून घेणं त्यांना जमत नाही. लघवी पाण्यासारखी पातळ होते.

म्हणजे बघा, मांजर जास्त पाणी पितं म्हणून लघवी वाढत नाही. लघवीतून पाणी निघून जातं म्हणून ते पाणी पितं. अशा मांजरासमोरून पाण्याचं भांडं कधीही उचलू नका.

घरी काय पाहायचं?

1. पाणी : पूर्वी न पिणारं मांजर वारंवार पिऊ लागतं. बादली, नळ, कुंडीखालची ताटली, कुठेही तोंड घालतं.
2. लघवी : ट्रे वापरत असाल तर मातीचे ओले गोळे मोठे आणि जास्त होतात.
3. वजन : हळूहळू घटतं. निदान होण्याच्या तीन वर्षं आधीपासूनही वजन उतरू लागतं, असं अभ्यासात दिसलं आहे.
4. इतर : भूक मंदावणे, उलट्या, केस विस्कटलेले, तोंडाला घाण वास, खडा होणे. मात्र ही लक्षणं बऱ्याचदा उशिरा दिसतात.

वजाबाकीचं उदाहरण

आपलं मांजर बाहेर मातीत लघवी करत असेल, तर ती मोजणार कशी? पण वजन करता येतं. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. समजा, 62.4 वजा 58.4, म्हणजे मांजर 4 किलो. पिशवीत बसवून सामानाच्या काट्यावरही करता येईल.

चार महिन्यांनी तेच मांजर 3.6 किलो भरलं, तर? "चारशे ग्रॅम तर गेले" असं वाटेल. पण ते दहा टक्के आहेत! 60 किलोच्या माणसाचं न सांगता 6 किलो वजन उतरण्यासारखं.

पाणीही मोजा. सकाळी मापाने पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलीपेक्षा जास्त, म्हणजे 4 किलोच्या मांजराला 400 मिलीच्या वर पाणी लागत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. त्याहून कमी असलं, पण नेहमीपेक्षा वाढलेलं असलं, तरी दाखवून घ्या. मधुमेह आणि थायरॉईडच्या आजारातही तहान वाढते व वजन घटतं. म्हणून घरच्या घरी निदान करायचं नाही.

दवाखान्यात कोणत्या तपासण्या होतात?

रक्त आणि लघवी, दोन्ही तपासणं महत्त्वाचं. शक्यतो सलाईन लावण्याआधी.

लघवीचं विशिष्ट गुरुत्व पाहतात. साध्या पाण्याचं 1.000 असतं. मांजराचं 1.035 पेक्षा कमी येत राहिलं, तर पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी झाल्याची शंका येते.

रक्तात क्रिएटिनिन पाहतात. पण मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्यावरच ते ठळक वाढतं. शिवाय ते स्नायूंपासून तयार होतं, त्यामुळे रोडावलेल्या मांजरात फसवं कमी दिसतं. एसडीएमए नावाची रक्ततपासणी बऱ्याचदा त्याआधी इशारा देते.

आजाराचे चार टप्पे मानतात. क्रिएटिनिन 1.6 ते 2.8 दुसरा टप्पा, 2.9 ते 5.0 तिसरा, त्यापुढे चौथा. पहिल्या टप्प्यात ते 1.6 पेक्षाही कमी असतं. रिपोर्टवर "नॉर्मल"ची मर्यादा कधीकधी 2 च्या वर छापलेली असते, म्हणून फक्त तो शब्द वाचून निश्चिंत होऊ नका. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा. एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नसतो. बिघाड साधारण तीन महिने टिकला, तर आजार दीर्घकालीन म्हणतात. सोबत रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफीही करतात. रक्तदाब फार वाढला, तर मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

हे करू नका

माणसाची पेनकिलर मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल त्याच्यासाठी जीवघेणं आहे आणि आयब्युप्रोफेन मूत्रपिंडावर घाव घालतं. पुष्पगुच्छातली लिली घरात आणू नका. तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

गेलेले नेफ्रॉन परत येत नाहीत. पण लवकर कळलं, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या आहाराने आणि औषधांनी उरलेले जपता येतात. मनी त्यानंतर चौदा महिने आमच्यात होती, आणि त्यातले बरेच दिवस खिडकीतल्या उन्हात छान गेले. बादलीचा अर्थ उन्हाळ्यातच कळला असता तर, हे अजून मनात येतं.

म्हणून आजचा गृहपाठ : मांजराचं वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेखाली लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा करा. सात वर्षांपुढच्या मांजराची वर्षातून एकदा रक्त-लघवी तपासणी करून घ्या. मांजर आपलं दुखणं सांगत नाही, काटा सांगतो.