विश्लेषण : सीमेवरच्या नोकरीची पेन्शन किती आणि कधीपासून?

सातारा आणि सांगली हे फौजी परंपरेचे जिल्हे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत शेतीला जोड म्हणून सरकारी वर्दी हाच भरवशाचा आधार मानला जातो. मात्र सीमेवर उभ्या असलेल्या प्रत्येक वर्दीला निवृत्तीनंतर सारखे लाभ मिळत नाहीत. लष्करातला जवान, सीमा सुरक्षा दलातला (बीएसएफ) जवान आणि बंदरावर माल तपासणारा सीमाशुल्क (कस्टम्स) अधिकारी यांच्या पेन्शनचे नियम कसे ठरतात आणि २००४ नंतर भरती झालेल्यांच्या हाती नेमके काय पडते, याचा हा आढावा.

सीमेवरचा प्रत्येक जण ‘सैनिक’ का नाही?

भूदल, नौदल आणि हवाई दल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. बीएसएफ, भारत-तिबेट सीमा पोलीस (आयटीबीपी), सशस्त्र सीमा बल, केंद्रीय राखीव पोलीस दल आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल ही गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय सशस्त्र पोलीस दले. सीमाशुल्क विभाग अर्थ मंत्रालयाचा; तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाखाली चालतो. लष्करी जवानाच्या पेन्शनला स्वतंत्र संरक्षण नियम लागू होतात. उरलेल्या दोघांना मात्र केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांचे नियम लागू आहेत. म्हणजे राजस्थानच्या सीमेवर बंदूक घेऊन गस्त घालणारा जवान आणि न्हावाशेवा बंदरात कंटेनर तपासणारा निरीक्षक हे दोघेही पेन्शनच्या हिशेबात ‘नागरी कर्मचारी’च आहेत.

२००४ ची रेषा कोणती?

केंद्र सरकारने २२ डिसेंबर २००३ रोजी अधिसूचना काढून १ जानेवारी २००४ पासून रुजू होणाऱ्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली (एनपीएस) लागू केली. त्यातून सशस्त्र सेना वगळल्या. त्यापूर्वी रुजू झालेल्यांना जुनी योजना आहे. तिच्यात किमान १० वर्षे सेवा झालेल्याला निवृत्तीच्या वेळी शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते आणि त्यावर महागाई सवलत वाढत जाते. या निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी विकत घेता येतो, ज्याला अंशराशीकरण म्हणतात. तो भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो.

एनपीएसमध्ये कर्मचारी मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो, तर सरकार २०१९ पासून १४ टक्के भरते. निवृत्तीला साठलेल्या रकमेपैकी ६० टक्क्यांपर्यंत हाती मिळते. किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीची वार्षिकी (ॲन्युइटी) घ्यावी लागते. समजा ३० लाख रुपये साठले, तर १८ लाख हातात येतील. १२ लाखांवर वर्षाला ६ टक्के दर धरला तर महिन्याला सुमारे ६ हजार रुपये मिळतील. त्यावर महागाई सवलत नसते.

ज्या पदांची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वी निघाली होती, पण रुजू होणे २००४ नंतर झाले, अशांना जुन्या योजनेत जाण्याची एकदाच संधी मार्च २०२३ च्या आदेशाने मिळाली होती. तो पर्याय देण्याची मुदत ३१ ऑगस्ट २०२३ ला संपली.

‘यूपीएस’ने प्रश्न सुटला का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना (यूपीएस) मंजूर केली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. २५ वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के हमी रक्कम आणि त्यावर महागाई सवलत, असे तिचे स्वरूप आहे. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. १० वर्षे सेवा करून निवृत्त होणाऱ्याला किमान १० हजार रुपयांची हमी आहे. निवृत्तीनंतर निधन झाल्यास पती किंवा पत्नीला त्या रकमेच्या ६० टक्के मिळतात. शिवाय प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी मासिक वेतन व महागाई भत्त्याच्या एक दशांश इतकी रक्कम एकरकमी मिळते. 

खरी मेख ‘कधीपासून’ या शब्दात आहे. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ही हमी रक्कम लगेच सुरू होत नाही. तो नियमित वयात निवृत्त झाला असता त्या तारखेपासून ती सुरू होते.

एकच नियम दोघांना वेगळा कसा पडतो?

सीमाशुल्क अधिकारी साधारणपणे ६० व्या वर्षी निवृत्त होतो. पंचविशीत निरीक्षक म्हणून लागलेल्याची सेवा ३५ वर्षांची होते. त्याला यूपीएसची पूर्ण रक्कम निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यापासून मिळू शकते.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतही २०१९ पासून सर्व हुद्द्यांचे निवृत्तीवय ६० आहे. पण वाळवंटात, बर्फात आणि वर्षातले बरेच महिने घरापासून दूर काढलेल्या जवानाला त्या वयापर्यंत रेटणे अवघड जाते. मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, गुडघे-पाठीचे दुखणे अशा कारणांनी २० वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेण्याकडे अनेकांचा कल असतो.

एक काल्पनिक हिशेब पाहू. जतचा एक तरुण २००५ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी बीएसएफमध्ये शिपाई झाला आणि २० वर्षे पूर्ण करून चाळिशीत घरी आला. त्याचे मूळ वेतन ४० हजार रुपये धरू. जुन्या योजनेत त्याला दरमहा २० हजार आणि महागाई सवलत लगेच सुरू झाली असती. यूपीएसमध्ये २० हजारांचे २०/२५, म्हणजे १६ हजार ठरतात. पण ते साठाव्या वर्षापासून. मधली २० वर्षे त्याला एकरकमी लाभांवर आणि दुसऱ्या कामावर काढावी लागतील. यूपीएसमध्येही साठलेल्या निधीतून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, मात्र तेवढ्या प्रमाणात पुढची हमी रक्कम घटते. एनपीएसमध्ये वार्षिकी लगेच सुरू होते, पण रक्कम तुटपुंजी असते.

कोणत्याही योजनेत काय मिळतेच?

निवृत्ती उपदान (ग्रॅच्युइटी) तिन्ही योजनांत आहे. दर सहामाहीला मासिक वेतन व महागाई भत्त्याचा एक चतुर्थांश, असा हिशेब असतो. २० वर्षांच्या सेवेला साधारण १० महिन्यांचे वेतन होते. कमाल मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये आहे. शिल्लक रजेचे ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण होते. गटविम्यातील बचतीची रक्कमही परत मिळते.

सेवेत असताना मृत्यू आला किंवा अपंगत्वामुळे नोकरी सुटली, तर २००४ नंतरच्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही जुन्या नियमांप्रमाणे निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी कर्मचाऱ्याने जिवंतपणीच पर्याय नोंदवून ठेवणे हिताचे असते. जुन्या नियमांत पती-पत्नीनंतर पात्र मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचाही विचार होतो. यूपीएसची ६० टक्के रक्कम मात्र फक्त पती किंवा पत्नीला मिळते. हा पर्याय नोंदवलेला आहे की नाही, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते.

गावाकडे आल्यावर फरक कुठे जाणवतो?

लष्करातून निवृत्त झालेला जवान ‘माजी सैनिक’ ठरतो. त्याच्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. १ जुलै २०१४ पासून ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ही लागू आहे. बीएसएफच्या निवृत्त जवानाला यातले काही मिळत नाही. गृह मंत्रालयाने २०१२ मध्ये अशा जवानांना ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ अशी ओळख दिली आणि त्यांना माजी सैनिकांच्या धर्तीवर सवलती द्याव्यात, असे राज्यांना सुचवले. पण सूचना म्हणजे हक्क नव्हे. 

आरोग्यासाठी निवृत्त जवान आणि सीमाशुल्क अधिकारी या दोघांनाही केंद्र सरकारची सीजीएचएस योजना आहे. सातारा-सांगलीकरांना त्यासाठी जवळचे मोठे केंद्र म्हणजे पुणे. जिथे ही सेवा नाही तिथल्या निवृत्तिवेतनधारकाला बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा एक हजार रुपये ठोक वैद्यकीय भत्ता घेता येतो. मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या घरात ही रक्कम किती पुरते, हे वेगळे सांगायला नको.

न्यायालयात काय झाले?

दिल्ली उच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२३ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले ही ‘संघराज्याची सशस्त्र दले’ आहेत, त्यामुळे २००३ च्या अधिसूचनेतील सूट त्यांनाही लागू होते आणि त्यांना जुनी योजना द्यावी, असा त्याचा आशय होता. गृह मंत्रालयाने स्वतःच २००४ मधील पत्रात या दलांना सशस्त्र दले म्हटले होते, याचा आधार न्यायालयाने घेतला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि निकालाच्या अंमलबजावणीला स्थगिती मिळाली. त्यामुळे निकाल बाजूने लागला, पण खात्यात काही जमा झाले नाही, अशी या जवानांची स्थिती झाली. सीमाशुल्क अधिकाऱ्यांना मात्र या निकालाचा आधार नाही. ते सशस्त्र दल नाहीत.

आता काय तपासावे?

सेवेत असलेल्यांना यूपीएस निवडण्याची मुदत दोनदा वाढून ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत होती. ज्यांनी ती निवडली, त्यांना एकदाच एनपीएसमध्ये परतता येते. त्यासाठी नियमित निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधी किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिने आधी अर्ज करावा लागतो. नव्याने रुजू होणाऱ्याला ३० दिवसांत निवड करायची असते. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देण्यापूर्वी २० आणि २५ वर्षांचा हिशेब कागदावर मांडून पाहणे शहाणपणाचे. बावीस-तेवीस वर्षे झालेल्याने आणखी दोन-तीन वर्षे काढली तर रक्कम पूर्ण होते, जरी ती साठीनंतरच हाती येणार असली तरी.

सेवापुस्तकातील पत्नीचे नाव, मुलांच्या जन्मतारखा, नामनिर्देशन, आधार आणि बँक खात्यातील नावे सारखी आहेत का, हेही नोकरीत असतानाच पाहावे. माहेरचे आणि सासरचे नाव वेगळे असल्याने कुटुंब निवृत्तिवेतन अडकू शकते. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’मुळे तो मोबाइलवरूनही देता येतो. रक्कम अडली तर केंद्राच्या ‘सीपेनग्राम्स’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

२०२४ पासून या दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा मराठीतूनही देता येते. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतील भरती अकादम्यांमध्ये तयारी करणाऱ्या मुलांसाठी ही वाट अधिक सोपी झाली आहे. लष्करातही २०२२ नंतरच्या अग्निवीराला चार वर्षांच्या सेवेवर पेन्शन नाही. धावण्याची वेळ आणि छातीचे माप यांची चौकशी करणाऱ्या मुलाने, आणि त्याच्या आईवडिलांनीही, आपण चाळिशीत परत आलो तर साठीपर्यंत घर कशावर चालेल, हा प्रश्न अर्ज भरतानाच विचारायला हवा.