मागच्या वायरी

सकाळी साडेआठ. शटर वर करण्याआधी त्याच्या पट्ट्यांवरून तेलाचा बोळा फिरवतो. समुद्र दुकानापासून पाच मिनिटांवर, आणि अलिबागची खारी हवा शटर जाम करायला आठवडाही घेत नाही. तीच हवा कॉम्प्युटरच्या आतही शिरते. काल संध्याकाळी कुणी ‘मेला’ म्हणून ठेवून गेलेला सीपीयू उघडतो, रॅम काढतो, तिच्या सोनेरी दातांवर शाळकरी खोडरबर घासतो आणि परत बसवतो. बीप. उठला. एवढ्याशा कामाचे पैसे घ्यायला संकोच वाटतो, पण घेतो.

मिठाला विंडोज आणि लिनक्स सारखेच. गिऱ्हाइकांना मात्र त्यात मोठा फरक दिसतो, आणि गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून रोज निदान एक जण विचारतो, ‘चांगलं कुठलं?’ १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हापासूनची ही वर्दळ. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं तेवढं थांबलं. विंडोज ११ वर जावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. माझ्या टेबलावर येतात ती मशीनं चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीची. अंगाने धडधाकट, कागदोपत्री म्हातारी.

साडेनऊला गुरुजी आले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, मशीन त्याच सुमाराचं, चार जीबी रॅम. मुलगी परदेशात, तिच्याशी व्हिडिओवर बोलणं, मेल, कीर्तनं ऐकणं आणि गावाच्या आठवणी टाइप करणं एवढाच वापर.

“नवीन घेऊ की ते फुकटवालं टाकतोस?”

“गुरुजी, आधी चालवून तर बघा.”

पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालू करून दिली. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम चालवून बघायची आणि पटली नाही तर पेन ड्राइव्ह उपसून घरी जायचं, ही लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. साडी दुकानातच नेसून बघायला मिळाल्यासारखं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. परवान्याचा खर्च शून्य.

गुरुजींची परीक्षा वेगळीच होती. त्यांनी ‘दर्या’ टाइप केलं, मग ‘दऱ्या’. एकात रफार, दुसऱ्यात तो आडवा चंद्रकोरीसारखा र. दोन्ही नीट उमटले. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र मारला की नुक्त्याचा ऱ येतो, त्याचा पाय मोडून य लावायचा. विंडोजमध्ये हे असंच, लिनक्समध्येही असंच. कळफलक सरकारी प्रमाणाचा, १९८०च्या दशकातला, कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यामुळे गुरुजींच्या बोटांना नवीन काही शिकावं लागलं नाही. “ल मात्र आपल्या वळणाचा हवा,” असं म्हणून त्यांनी चष्मा वर केला. फॉन्ट बदलला आणि मराठी वळणाचा ल आला. एवढ्यावर सौदा झाला.

“फुकट आहे म्हणालास, मग पाचशे कसले?”

“नारळ झाडाला फुकटच लागतो, गुरुजी. पाडायला चढणाऱ्याला द्यावे लागतात.”

हसले आणि दिले. त्यांच्या मशीनला मागून चारच वायरी होत्या: वीज, मॉनिटर, इंटरनेट आणि कळफलक-माउसचा एक संच. प्रिंटर नाही. ही नोंद मी मुद्दाम करतो, कारण हा हिशेब मी ठेच खाऊन शिकलोय.

दोनेक वर्षांपूर्वी एका झेरॉक्सवाल्याला मी उत्साहात लिनक्स टाकून दिलं. मशीन वाऱ्यासारखं पळायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: प्रिंट येत नाही. प्रिंटर म्हणजे घराघरात दिसणारा तो छोटा लेझर, ज्याच्या स्वतःच्या डोक्यात काही नसतं. पान कसं काढायचं याचा सगळा विचार कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरने करायचा. तो ड्रायव्हर विंडोजवर दोन मिनिटांत बसतो. लिनक्सवर मी तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री प्रिंटर दिसला, दुसऱ्या रात्री कोरा कागद बाहेर आला, तिसऱ्या रात्री अर्धा सातबारा छापून तो थांबला. चौथ्या सकाळी मी त्याला विंडोज परत टाकून दिलं आणि एक पैसाही घेतला नाही. चूक माझी होती: मी मशीनचा पुढचा भाग बघितला होता, मागचा नाही.

अकराला कर सल्लागार मॅडम. यांच्या सीपीयूच्या मागे जाळंच: प्रिंटर, स्कॅनर, यूपीएस, बाहेरची हार्ड डिस्क आणि डिजिटल सहीचा डोंगल. आत टॅली. मुलाने त्यांना सांगितलं होतं की लिनक्सला व्हायरस लागत नाहीत. लागतात, कमी लागतात. पण इथे प्रश्न तो नव्हताच. टॅली विंडोजसाठी बनतं. लिनक्सवर ते ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालवण्याचे प्रयोग होतात, पण मार्चअखेर तोंडावर असताना कुणाच्या पोटापाण्यावर प्रयोग करू नयेत. मी सरळ सांगितलं, “मॅडम, तुम्ही विंडोजच ठेवा. जमलं तर मार्चनंतर नवीन मशीन घ्या.” तोपर्यंत विंडोज १० ला नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मिळते, ती नोंदणी तिथेच करून दिली. मुलाचा हिरमोड झाला असणार. मुक्त सॉफ्टवेअरचा मी भक्त आहे, पण अकाउंटंटला ते गळ्यात मारणारा माणूस स्वतःची हौस भागवत असतो असं माझं मत आहे.

दीडला डबा. जेवताना नेहमी आमच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट आठवते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी मुंबईत कुलाब्याला होत असे. तिथे विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या विजेने नाजूक उपकरणं बिघडणार हे दिसू लागलं. म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला आली, चुंबकाला न लागणाऱ्या सामानाच्या इमारतीत. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. उपकरणात काही खोट नव्हती; शेजारून कुठली वायर जाणार यावर त्याचा मुक्काम ठरला. माझा धंदा याहून वेगळा नाही.

तीनला कॉलेजचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. एकाच डिस्कवर विंडोज आणि उबुंटू, दोन्ही स्वतःच टाकलेले. हुशार. तक्रार अशी: उबुंटूतून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ मागे पडतं. बघितलं, भिंतीवर तीन आणि लॅपटॉपवर सकाळचे साडेनऊ. बॅटरी बदलून झाली होती बिचाऱ्याची. दोष बॅटरीचा नव्हता. बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना भारताचे साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळातली वेळ स्थानिक समजून जशीच्या तशी दाखवतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. उबुंटूला टर्मिनलमध्ये एका ओळीत सांगितलं की तूही स्थानिक वेळच ठेव. घरात दोन भाडेकरू ठेवायचे तर घड्याळ कुणाचं ते आधी ठरवावं लागतं. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

मधल्या वेळात मांडव्याकडच्या बंगल्यातून एक मॅक आला. मॅकचं माझं काम थोडं. आतला गाभा डार्विन या नावाने खुला आहे, वरचं सगळं बंद, आणि चालणार फक्त ॲपलच्याच मशीनवर. हा इंटेलवाला होता. २०२५ ची टाहो ही त्या जातीला मिळणारी शेवटची आवृत्ती. महागडी असो की स्वस्त, बाद होण्याची तारीख कंपनीच ठरवते.

पाचला लग्नपत्रिकांवाला. हा दिवसातला सगळ्यात अवघड रोगी. पंधरा वर्षांच्या पत्रिका पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. त्याला वाटत होतं, फायली नुसत्या उचलून लिनक्समध्ये नेल्या की झालं. त्यातला एक मजकूर त्याच्या समोरच उघडून दाखवला. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा यांची खिचडी. त्या फायलींत मराठी कधी नव्हतंच. रोमन अक्षरांना मराठी मुखवटे चढवले होते, युनिकोडच्या आधीची ती युक्ती. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये टाकली तर मुखवटे परत चढतातही, पण त्या मांडणीत टाइप करायचं सॉफ्टवेअर आणि पेजमेकर दोन्ही विंडोजचेच. “मग काय, टाकून देऊ?” म्हणाला. त्याचं विंडोज तसंच ठेवलं आणि मागची एक वायर काढून त्याच्या हातात दिली. इंटरनेटची. पत्रिका छापायला इंटरनेट लागत नाही. मेल आणि व्हॉट्सॲपसाठी शेजारी जुन्या डब्यावर मिंट टाकून देतो म्हटलं. नवीन पत्रिका युनिकोडमध्ये करायला लाग, हेही सांगितलं. मान डोलावली. करणार नाही.

सातला नागावच्या होमस्टेवाल्या ताई. ब्राउझर आणि एक प्रिंटर, बाकी काही नाही. प्रिंटर सोबत आणला होता, शहाण्या आहेत. वायर लावली, मिंटने तो आपणहून ओळखला, चाचणीचं पान बाहेर आलं. इथे ड्रायव्हरची सीडीसुद्धा शोधावी लागली नाही. ज्या लिनक्सने मला तीन रात्री जागवलं तेच हे, प्रिंटर तेवढा दुसरा.

साडेआठला एक भिजकी हार्ड डिस्क लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून वाचायला लावून ठेवली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ इथे धडकलं, त्यानंतर अशा कितीतरी विंडोजच्या डिस्क मी याच पेन ड्राइव्हने रिकाम्या केल्या. तेव्हापासून हे काम लिनक्सचं.

आज वहीत: दोन लिनक्स, दोन विंडोज तसेच, एक दोन्ही. नऊ वाजता शटर खाली. तुम्ही येणार असाल तर नुसता सीपीयू उचलून आणू नका. मागे लागलेलं सगळं आणा: प्रिंटर, डोंगल, आणि तुमची एखादी सगळ्यात जुनी मराठी फाइल.